कोंसूचा खुंटा

पहाटे सहाला वीस मिनिटं कमी असताना कांडाळीच्या खाडीवर धुकं उतरलं. वेळ एवढी नेमकी कशी कळली, तर देवळाच्या पायरीवर उभे राहून पाद्रीबाबा खिशातलं घड्याळ बघत होते. गुड फ्रायडेचा दिवस होता आणि मचवे अजून आले नव्हते. असं म्हणतात, की घड्याळाचं झाकण मिटून त्यांनी मान वर केली, तर समोर समुद्रच नव्हता.

फार फार वर्षं झाली त्याला. तेव्हा कांडाळीला धक्का नव्हता, दिव्याचा मनोरा नव्हता, मचव्याला इंजिन नव्हतं. शीड आणि वल्ही, एवढ्यावर सगळं चालायचं. चर्चला आमच्याकडे देऊळच म्हणतात. ते देऊळ तेव्हाही खाडीच्या तोंडाशीच होतं. त्याच्या पुढ्यात एक काळा खडप, म्हणजे लांबट खडक, पाण्यात घुसलेला, आणि समोर पैलतीरावर तसाच दुसरा. दोन्हींच्या मधून मचवा जाईल एवढी वाट. वाटेच्या मधोमध जाळं बांधायचा एक जाडजूड खुंटा रोवलेला. ओहोटीला त्या वाटेत कमरेएवढं पाणी असायचं. पण उधाणाच्या भरतीला खुंट्याचं टोकसुद्धा दिसायचं नाही.

ह्या गावात कोंसू राहायची. सांतान तांडेलाची, म्हणजे मचवा चालवणाऱ्याची, बायको. अंगाने बारीक, डोळे मोठे, आणि सदा कसली तरी धास्ती घेतलेली. चूल विझली का, कडी लागली का, पोर श्वास घेते का, हे तिचं एकदा बघून भागायचं नाही, पुन्हा उठून बघायची. तिची लुद्विना तेव्हा अंगावर पीत होती. पोर झोपली की कोंसू तिच्या नाकाशी बोट धरून बसायची. सासू हसायची. म्हणायची, "अगो, तिला झोपू दे, तुझ्या बोटाने तिला शिंका येतील."

एवढी भित्री बाई, पण गायला उभी राहिली की वेगळीच व्हायची.

कोंसूचा बाप गावचा मेस्तर होता. मेस्तर म्हणजे देवळातलं गाणं शिकवणारा. त्या काळी ते गाणं लॅटिन भाषेत असायचं. शब्दांचा अर्थ पाद्रीबाबांना कळायचा, बाकीच्यांना सूर कळायचा. आणि त्या गाण्याची तऱ्हा अशी, की त्याला पेटी नको, ढोल नको, टाळी नको. शंभर माणसं गात असली तरी सूर एकच. कुणी वरचा धरला, कुणी खालचा जोडला, असं चालायचं नाही. ओळीतले बरेचसे शब्द एकाच पट्टीवर सरळ चालत जायचे, मध्यावर सूर जरा वळायचा, तिथे सगळे थांबायचे, मग उरलेली अर्धी ओळ हळूहळू खाली उतरून बसायची. आणि ठेका? ठेका नाहीच. शब्द जेवढा लांब तेवढा सूर लांब.

शेजारच्या गावचे लोक चेष्टा करायचे. "कांडाळीचं गाणं ऐकून बोकडाला झोप येते," म्हणायचे. मेस्तर रागवायचा नाही. "ठेका पायाला लागतो बाबांनो," म्हणायचा, "देवाला काय लग्नात नाचवायचाय?"

गाण्याच्या दोन रांगा असायच्या. एक ओळ उजव्या रांगेने म्हणायची, पुढची डाव्या रांगेने. मचवे समुद्रावर गेले की गावात पुरुष उरायचे किती? म्हातारे तेवढे. म्हणून मेस्तरने डावी रांग बायकांची केली. दुसरीकडे असं चालत नव्हतं, पण कांडाळीत चाललं. त्याने बायकांना दोन गोष्टी शिकवल्या. एक, शेजारणीचा श्वास चालू असेल तर आपण श्वास घ्यायचा नाही. ती थांबली की तू धर, तू थांबलीस की ती धरेल. म्हणजे ऐकणाऱ्याला कुठे खंड पडला असं वाटायचंच नाही. आणि दुसरी गोष्ट, गाणं संपेपर्यंत जागा सोडायची नाही. मेस्तर गेला, पण ह्या दोन गोष्टी बायकांच्या अंगात भिनल्या होत्या. असं म्हणतात, की कांडाळीच्या बायका एकमेकींकडे न बघता श्वास वाटून घ्यायच्या, जसं एका ताटातलं जेवण वाटून घ्यावं.

तर त्या गुड फ्रायडेला काय झालं ते ऐका.

पाच मचवे गेले होते. गुरुवारी संध्याकाळी परत यायचे होते, पण वारा पडला. शुक्रवारी झुंजुमुंजू झालं तेव्हा खडपावरून त्यांची शिडं दिसली. भरती लागायची वाट बघत ते बाहेर थांबले होते. बायकांचा जीव भांड्यात पडला. आणि तेवढ्यात धुकं आलं, ते नुसतं आलं नाही, ओतल्यासारखं आलं. हात लांब केला तर बोटं दिसेनात.

धुकं काही नवीन नव्हतं. एरवी मचवे बाहेर नांगर टाकून थांबायचे. पण गुड फ्रायडे पुनवेच्या आसपासच येतो, आणि पुनवेला उधाण असतं हे कोळ्याच्या पोरालाही माहीत असतं. भरती लागली ती जोर करूनच लागली. बाहेरून आरोळी आली, "नांगर धरत नाय! नांगर धरत नाय!" पाणी मचव्यांना ओढून आत आणत होतं आणि आत खडप होते.

खडपावर गाव गोळा झालं. ब्रिजितमावशी म्हणून एक म्हातारी होती, तोंडाची फटकळ. ती ओरडली, "उभे काय ऱ्हायलात? घंटा वाजवा!"

"प्रभू मेलाय आज," कुणीतरी म्हणालं. "आज घंटा?"

गुरुवार संध्याकाळपासून शनिवारपर्यंत घंटा वाजवायची नाही, हा नियम. तिच्या लोलकाला फडकं बांधून ठेवलेलं असायचं.

"मी वाजवतो," पाद्रीबाबा म्हणाले. "पाप लागलं तर मला लागू दे."

तेव्हा ब्रिजितमावशीनेच कपाळावर हात मारला. "थांबा पाद्रीबाबा, थांबा. मीच येडी. घंटा आहे खडपाच्या मागे. तिच्या रोखाने आले तर सरळ खडपावरच येतील."

मग लाकडी खटखट्या आणला. उपासाच्या आठवड्यात घंटेऐवजी तो वाजवतात. दोघांनी तो जिवाच्या आकांताने फिरवला. पण लाट आपटते ती ठेक्याने, आणि खटखट्याही ठेक्याने. लाटेने त्याचा आवाज गिळला. बाहेरून कुणी ओ दिली नाही. उलट कुठेतरी लाकूड घासल्याचा आवाज आला.

कोंसू पोरीला छातीशी धरून उभी होती. पोर रडत होती. सांतान बाहेर होता, आणि कोंसूला काही सुचत नव्हतं. भीती वाटली की ती नेहमी करायची तेच तिने केलं. पोरीच्या कानाशी ती बापाने शिकवलेलं गाणं म्हणू लागली. पापी माणूस देवाकडे दया मागतो ते गाणं, त्या आठवड्यात सगळ्यांच्या ओठांवर असलेलं. भीतीने आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. एक ओळ संपली आणि ती गप्प झाली.

आणि धुक्यातून, दूरवरून, पुढची ओळ आली.

सवय हो, दुसरं काय. एक ओळ कानावर पडली की पुढची म्हणायची, हे त्या माणसांच्या हाडात होतं. वल्ही हातात, मरण समोर, आणि तरी त्यांनी पुढची ओळ म्हटली. ऐकू गेलं होतं! लाटेतून आरपार गेलं होतं. लाट चढते-उतरते, आणि हा सूर एकाच पट्टीवर सरळ, काठी धरल्यासारखा. दोन्ही एकमेकांत मिसळेनात.

पाद्रीबाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी हात वर केले. "दोन रांगा करा! एक इथे, एक पलीकडे! दोन सुरांच्या मधून येऊ देत!"

नातालीन म्हणून सांतानची बहीण होती, कोंसूची नणंद. धट्टीकट्टी, हसरी. तिने लुगडं वर खोचलं आणि जवान बायकांना घेऊन पाण्यात उतरली. पाणी कमरेच्या वर चढू लागलं होतं. जाताना ओरडली, "वयनी, सूर खाली धरू नको गो, माझ्या नवऱ्याला ऐकू कमी येतं!" त्यातही दोघी-तिघी हसल्या. कोंसू पोरीला घेऊन अलीकडच्या खडपावरच राहिली. म्हाताऱ्यांच्या उजव्या रांगेपुढे उभी राहून तिने सूर दिला.

मग सुरू झालं. एक ओळ ह्या खडपावरून, एक ओळ त्या खडपावरून. ओळीच्या मध्यावर जो थांबा असतो ना, त्या थांब्यात सगळे कान देऊन ऐकायचे. वल्ह्याचा आवाज येतो का, कुणी हाक मारतो का. मग उरलेली अर्धी ओळ. बाहेर मचव्यातले लोक उजवीकडचा सूर आणि डावीकडचा सूर तोलून बघत होते. डावा मोठा वाटला की उजवीकडे वळायचं. दोन्ही सारखे झाले की सरळ.

पहिला मचवा आला. धुक्यातून एकदम नाळ, म्हणजे मचव्याचं पुढचं टोक, निघाली, माणसं निघाली, आणि पाण्याच्या ओढीने मचवा आत जाऊन पैलतीरावरच्या वाळूला लागला. मग दुसरा. मग तिसरा. गाणं चालूच. असं म्हणतात, की त्या वेळी खडपावरचे खेकडेसुद्धा बिळातून बाहेर येऊन उभे राहिले होते.

तिसऱ्या मचव्यात नातालीनचा नवरा होता. मचवा आणि खडप ह्यांच्या मधे सापडून त्याचा हात मनगटापासून चेंगरला होता. वाळूवर त्याला उतरवला तेव्हा तो बायकोचं नाव घेऊन ओरडला.

नातालीन रांगेच्या टोकाला उभी होती. तिने शेजारणीकडे कान दिला. शेजारीण गात होती. श्वासापुरतं थांबावं तशी नातालीन थांबली आणि धावली. तिला वाटलं, एकीने काय होतंय, बाकीच्या धरतील. त्यांना तेच तर शिकवलं होतं. दुसरीला वाळूवरून आपल्या भावाचा आवाज आला. तिला वाटलं, बाकीच्या धरतील. तिसरीचा सासरा होता. धुक्यात कोण उरलंय, कोण गेलंय, कुणाला दिसत होतं?

इकडे कोंसूला डावी रांग बारीक होत गेलेली ऐकू आली. आधी तिला वाटलं, श्वास घेताहेत. मग वाटलं, दमल्या. मग एका ओळीला फक्त एकच आवाज आला, कुण्या पोरसवदा मुलीचा. ती बिचारी घाबरून इकडेतिकडे बघत असेल. मध्यावरच्या थांब्याला ती थांबली आणि पुढची अर्धी ओळ आलीच नाही.

"नातालीन!" म्हातारे ओरडले. "गो नातालीन!" पण पलीकडे वाळूवर रडारड चालली होती. पाणी मधे गर्जत होतं. कुणाला ऐकू जाणार?

बाहेर अजून दोन मचवे होते. एक सांतानचा, आणि त्याच्या मागे इनास नाखव्याचा.

धुक्यातून सांतानचा आवाज आला. जवळून आला. "डावीकडचं काय झालं? एकच बाजू येतेय!"

उजवी रांग थबकली. आता कोंसूला जे कळलं ते सगळ्यांनाच कळलं. गायलं, तर सांतान ह्या एका सुराच्या रोखाने येणार, म्हणजे खडपावर येणार. गप्प बसलं, तर त्याला काहीच उरत नाही, पाणी नेईल तिथे जाणार. आणि पाणी खडपावरच नेत होतं.

कोंसूने पोरीला छातीपासून सोडवलं. पोर दूध पीत होती. तिने ती ब्रिजितमावशीच्या हातात दिली.

"हिला धर मावशी. अंगाला ओलं लागू देऊ नको, लगेच छाती भरते हिची."

"तू कुठे चाललीस?"

"मधे."

"मधे कुठे? पाणी गळ्याशी आलं असेल! आणि पोर भुकेजली म्हणजे मी काय देऊ तिला?"

कोंसू थांबली. असं म्हणतात, की ती परत फिरली, पोरीच्या नाकाशी बोट धरलं, श्वास लागला तेव्हाच बोट काढलं. "रडेल," ती म्हणाली. "रडू दे. रडते आहे तोवर बरी आहे म्हणायची." मग रांगेकडे वळून म्हणाली, "मी सूर धरला की तुम्ही गाऊ नका. एकच सूर राहू दे."

आणि ती पाण्यात उतरली. तिला पोहता येत नव्हतं. पाण्याची तिला आयुष्यभर भीती, गावच्या पोरांनाही ती काठाला जाऊ द्यायची नाही. खडपाला धरत, मग जाळ्याच्या दोराला धरत ती खुंट्यापर्यंत पोचली. पाणी तिला उचलून आत न्यायला बघत होतं. तिने लुगड्याचा पदर सोडला, खुंट्याभोवती फिरवला आणि गाठ मारली. एकावर एक, ओली गाठ, सुटणार नाही अशी.

मग तिने सूर दिला.

उजवीची ओळ तिनेच म्हटली, डावीची ओळही तिनेच. शेजारी श्वास धरणारं कुणी नव्हतं. मध्यावरच्या थांब्यात जेवढा श्वास मिळेल तेवढाच. लाट तोंडावरून गेली की शब्द बुडायचा, लाट गेली की तिथूनच पुढे. काठावरचे म्हातारे ओठ मिटून उभे होते. तिच्याबरोबर गावं असं प्रत्येकाला वाटत होतं आणि गाता येत नव्हतं. पाद्रीबाबा गुडघे टेकून बसले होते. ब्रिजितमावशीच्या हातात लुद्विना टाहो फोडत होती.

सांतानने आवाज ओळखला, पण तो पाण्याच्या मधून कसा येतोय ते त्याला कळेना. त्याने नाळ त्या सुरावर धरली. मचवा खुंट्याला घासून आला तेव्हा त्याने खाली पाहिलं. पाण्यावर फक्त चेहरा होता.

तो आडवा झाला आणि त्याने तिचा हात पकडला. "सोड! सोड गो, वर ये!"

ओळीच्या मध्यावर होती ती. थांबा होता. त्या थांब्यात ती एवढंच म्हणाली, "मागे इनास आहे."

आणि पुढची अर्धी ओळ म्हणू लागली.

सांतानने ओढलं. पदराची गाठ होती. पाण्याने मचव्याला मागून असा रेटा दिला, की मनगट त्याच्या मुठीतून निसटलं. हातात काकणाचा तुकडा राहिला, तो तळव्यात रुतला. मचवा आत गेला. असं म्हणतात, की सांतान मागे वळून एकच शब्द ओरडत राहिला आणि तो शब्द काय होता ते त्याने पुन्हा कधी कुणाला सांगितलं नाही.

इनास नाखव्याचा मचवा त्यानंतर बऱ्याच वेळाने आला. त्यात सहा माणसं होती आणि ती सहाही माणसं मरेपर्यंत एकच सांगत राहिली. सूर स्पष्ट येत होता. एक ओळ आणि तिची पुढची ओळ, न तुटता, मधे श्वासही न घेता. त्यांनी नाळ त्या सुरावर ठेवली. सूर जवळ आला, मचव्याच्या अगदी खाली आला, मचव्याच्या लाकडातून पायांना लागला. त्यांनी वाकून बघितलं. तिथे खुंट्याचं टोकसुद्धा नव्हतं. नुसतं पाणी होतं.

मचवा आत गेला आणि सूर थांबला. मग धुकं उठलं. ऊन पडलं. उधाणाचं पाणी चमकत होतं आणि त्यात काहीही नव्हतं.

पैलतीरावरून बायका परतल्या त्या मचव्यातून. सांतान काठावर बसला होता, तळव्यातून रक्त येत होतं, कुणाला पुसू देत नव्हता. तो बहिणीला म्हणाला, "का थांबलात?"

नातालीन म्हणाली, "मला वाटलं, बाकीच्या गातायत."

त्याने दुसरीला विचारलं. ती म्हणाली, "मला वाटलं, बाकीच्या गातायत."

एकेकीला विचारलं. एकेक तेच म्हणाली. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

दुपार सरली. पाणी उतरायला लागलं. त्या दिवशी मेलेल्या प्रभूची मिरवणूक काढतात, गाव काळे कपडे घालून देवळासमोर उभं होतं. आधी खुंट्याचं टोक दिसलं. मग केस दिसले. कोंसू उभीच होती. गाठ सुटली नव्हती. पाठ खुंट्याला, तोंड समुद्राकडे, आणि ओठ ओळीच्या मध्यावर असतात तसे उघडे. पाणी जसजसं उतरत गेलं तसतशी ती पाण्यातून वर येत गेली, आणि गावातल्या बायका एकामागून एक खाली बसल्या.

गाठ कापावी लागली. त्या संध्याकाळी कांडाळीत दोन मिरवणुका निघाल्या, एक लाकडाच्या प्रभूची आणि तिच्या मागे कोंसूची. घंटा नाही, कारण घंटा बंद. गाणं नाही, कारण म्हाताऱ्यांचे गळे गेले होते आणि डाव्या रांगेतल्या एकीच्याही तोंडातून सूर फुटेना. नुसत्या पावलांचा आवाज. आणि लुद्विनाचा. ती रडून रडून बसलेल्या घशाने अजून रडत होती. रस्त्यात एका बाईने तिला पदराखाली घेतलं. मग पुढच्या घरी दुसरीने. तिच्या मावश्या, आत्या, शेजारणी, ज्या ज्या पाजत्या होत्या, त्यांनी तिला पाळीपाळीने पाजलं. तिला आई उरली नव्हती, पण दूध कधी कमी पडलं नाही.

नातालीनने पुन्हा गाणं म्हटलं नाही. तिचा नवरा एका हाताने जगला. दर रविवारी ती डाव्या रांगेत तिच्याच जागी उभी राहायची, तोंड मिटून. कुणी हाकललं नाही, कुणी बोलावलंही नाही. पुढच्या वर्षी गुड फ्रायडेला रांग उभी राहिली तेव्हा शेजारणीने श्वास घ्यायला तोंड मिटलं, आणि नातालीनने एकदम तिच्या कोपराला आपलं कोपर लावलं. घट्ट. शेजारीण दचकली, मग समजली. तिने आपलं दुसरं कोपर पलीकडचीला लावलं. तेव्हापासून ती रीत पडली, असं म्हणतात.

लॅटिन गाणं पुढे बंद झालं. आता देवळात मराठीतून गातात, पेटी असते, कधी गिटार असते, आणि छान वाटतं. पण गुड फ्रायडेला पहाटे कांडाळीचे लोक अजून दोन खडपांवर उभे राहतात. ओहोटीला अर्धे पाण्यातून पलीकडे जातात. तेच जुनं गाणं म्हणतात, एक ओळ इकडून, एक ओळ तिकडून, पेटी नाही, ठेका नाही. खुंट्याचं टोक बुडेपर्यंत म्हणतात. खुंटा कुजला की नवा रोवतात, पण त्याला जाळं बांधत नाहीत. पोर रडलं, कुणी हाक मारली, मोबाइल वाजला, तरी जागेवरून कुणी हलत नाही. आणि श्वास घ्यायचा असला की आधी शेजारणीला कोपर लावायचं. लावायचं म्हणजे सांगायचं, की मी थांबते आहे, तू धर. तिने उलट कोपर लावलं तरच थांबायचं. नाही लावलं तर छाती फुटली तरी गायचं.

गावात नवी सून आली की सासू तिला स्वयंपाकघर दाखवायच्या आधी हे दाखवते. बाहेरगावची मुलगी असते, तिला हसू येतं. मग तिला खुंटा दाखवतात, मग हसू जातं.

तुम्ही ऐकलंत, आता तुमच्याजवळच ठेवू नका. कुणीतरी दुसरा सांगेल, असं तर अजिबात धरून चालू नका. आत्ता तुमच्या शेजारी जे कुणी बसलं असेल त्याला कोपर लावा, आणि कोंसूचं सांगा. त्याने उलट कोपर लावलं, की मगच थांबा.